मंत्रिमहोदय, दरसूचीत मर्यादवेल कुठे आहे?

मा. बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावचा. ३१ वर्षं स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली, त्यातली निम्मी अंदाजपत्रकं करण्यात गेली. किनारा राखायला दगडच का टाकले जातात आणि सरकारी दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) वाळू धरणाऱ्या मर्यादवेलीला जागा का नाही, याबद्दल लिहितोय. यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या वाडीपुढे काही वर्षांपूर्वी धूपप्रतिबंधक बंधारा झाला. मागणी गावाचीच. आषाढात लाटा माडांच्या बुंध्याशी यायला लागल्या, लोक घाबरले, निवेदनं गेली, दगड आले. बंधारा आजही जागेवर आहे, काम कच्चं झालं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या दक्षिण टोकाला जाऊन बघा. शेवटचा दगड संपतो तिथून किनारा कोयत्याने कापावा तसा आत गेलाय. तिथल्या घराचे चार माड गेले. पाचवा कललाय, मुळांचा झुपका हवेत, आणि त्या मुळांवर कुणीतरी फाटकं जाळं वाळत टाकलंय. बंधाऱ्यासमोर तर पुळणच (वाळूचा किनारा) राहिली नाही. भरतीचं पाणी थेट दगडाला लागतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची तर पाय वाळूत रोवावे लागतात. आमच्याकडे दोन रापणी होत्या, आता एकच लागते, तीही शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन.

लाट दगडावर आपटली की तिचा थोडा जोर दगडांच्या फटींत जिरतो, उरलेला मागे फिरतो आणि जाताना पायथ्याची वाळू उकरून नेतो. टोकाशी तोच जोर वळून शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतो. मग शेजारी निवेदन देतो, आणि बंधारा आणखी शंभर मीटर पुढे सरकतो. अशा ‘वाढीव कामा’चं अंदाजपत्रक मी स्वतः केलंय, तेव्हा कळून-सवरून.

बंधाऱ्याआधी तिथे वाळूचं टेकाड होतं. समोरच्या अंगाला मर्यादवेल, वर केवड्याचं बन, मागे उंडी आणि करंज. आम्ही पोरं त्यावरून घसरायचो आणि केवड्याचे काटे काढत घरी यायचो. ते टेकाड काय काम करत होतं, हे मला निवृत्तीनंतर नीट कळलं. पावसाळ्यात उंच लाटा त्याची वाळू ओढून नेतात. ती फार लांब जात नाही, थोड्या अंतरावर पाण्याखाली दांडा होऊन बसते, आणि मागून येणाऱ्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात. किनाऱ्यापर्यंत पोचतो तो नुसता फेस. म्हणजे समुद्र आपली वाट आपणच अडवतो, तेही ऐन पावसाळ्यात, गरज असते तेव्हाच. गणपती झाले, वारा पडला, की लहान लाटा तीच वाळू परत आणतात. दिवाळीपर्यंत पुळण भरते. सुकलेली वाळू वाऱ्याने वर सरकते, तिला मर्यादवेल अडवते. वाळूखाली गाडली गेली तरी ही वेल मरत नाही, पेरापेराला मुळं सोडून पुन्हा वर येते. आपल्या लोकांनी तिचं नाव उगाच ठेवलेलं नाही.

आम्ही केलं काय? टेकाड सपाट करून तिथे बंधारा आणि मागे पेव्हर ब्लॉकचा रस्ता. म्हणजे वाळूची कोठीच कुलूपबंद झाली. पावसाळ्यात समुद्राला न्यायला काही नाही, त्यामुळे दांडा होत नाही, लाट थेट दगडावर. नोकरीभर मी ‘दगड हलता कामा नये’ या हिशोबाने आकडे मांडले. ते टेकाड हलत होतं म्हणून टिकलं होतं.

हे काही माझ्या म्हातारपणाचं खूळ नाही. समुद्राला थोपवण्यात ज्यांची हयात गेली त्या डच अभियंत्यांनी २०११ साली हेगच्या दक्षिणेला किनाऱ्यालगत २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकली आणि ती पसरवायचं काम वारा आणि लाटांवर सोपवलं. तेवढ्या पैशाची गोष्ट मी करत नाही. पण आपल्या खाड्यांच्या मुखाशी साचलेला गाळ काढताना त्यातली स्वच्छ वाळू शेजारच्या खंगलेल्या पुळणीवर टाकता येईल की नाही, एवढं तरी तपासायला काय हरकत आहे? आणि एका हाताने खाडीतली रेती उपसायची नि दुसऱ्या हाताने किनाऱ्याची धूप थांबवायची, हा उद्योगही एकदा समोरासमोर ठेवून बघा.

खाडीच्या आत गुरू वेगळा, तिथे कांदळवन. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात अभ्यास झाला, त्यात ज्या गावांपुढे कांदळवनाचा रुंद पट्टा होता तिथे माणसं कमी दगावली असं दिसलं. मुळांच्या जाळ्यात पाणी मंदावतं, गाळ खाली बसतो, पायाखालची जमीन हळूहळू वर येते. आपल्या राज्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष केलं, ही कौतुकाची गोष्ट. पण म्हणून उघड्या पुळणीवर चिप्पीची रोपं लावून फोटो काढू नयेत. पहिल्या उधाणाला ती जातात. सुरूच्या झाडांचंही तसंच. त्यांच्या सुयांच्या थराखाली मर्यादवेलीला जागाच उरत नाही.

आपल्या पूर्वजांना हे उमगलं होतं. गोव्यातल्या खाजण शेतीत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत) मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, लाकडी दार भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. ना मोटार, ना ऑपरेटर. चंद्रालाच कामाला लावलंय.

बंदर, जेटी, दाट वस्ती इथे भिंत लागणारच, मी वेडा नाही. तिथेही सिडनीच्या बंदरात २०१८ पासून करतात तसं करता येतं. खडकातल्या खळग्यांसारखी, खाचाखोचांची फरशी भिंतीवर बसवतात, म्हणजे शेवाळ आणि कालवं धरतात.

आता मूळ दुखणं. मी हाताळलेल्या अंदाजपत्रकांत दगडाला दर होता, वाहतुकीला होता, गॅबियनच्या (दगड भरायच्या तारेच्या पेट्यांच्या) जाळीला होता. वेलीला, केवड्याला, वाळू अडवणाऱ्या काठ्यांच्या कुंपणाला नव्हता. दर नाही म्हणून बाब नाही, बाब नाही म्हणून एमबीत (मोजमाप पुस्तकात) नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे बिल नाही. इंजिनिअर काय करणार? टेबलावर असतं तेच तो वाढतो. तेव्हा विनंती एवढीच, की दरसूचीत या बाबी घाला, तीन वर्षांच्या देखभालीसकट. बंधाऱ्याच्या प्रत्येक प्रस्तावाला ‘इथे आधी काय होतं’ हे सांगणारं एक पान जोडायला लावा, आणि त्यावर गावातल्या रापणकाराची सही घ्या. भरलेल्या टेकाडावर रस्ता नको.

आपण आमच्या बाजूला याल तेव्हा मे महिन्यात येऊ नका. तेव्हा पुळण त्यातल्या त्यात भरलेली असते, भूमिपूजनाचा मांडवही छान उभा राहतो. आषाढी अमावास्येच्या उधाणाला या. त्या दक्षिण टोकाशी भरतीच्या आधी तासभर उभे राहा. छत्री नको, ती उलटते. इरलं मी आणतो.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता