ब्रेड मशीन : पुस्तिका परदेशी, मैदा आपला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच भांड्यात पीठ मळून, फुगवून, भाजून देणाऱ्या घरगुती ब्रेड मशीनवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात ‘जिन्नस टाका, बटण दाबा आणि तीन तासांनी ब्रेड काढा’ असे म्हटले आहे. बटणाबद्दल वाद नाही. पण यंत्रासोबतच्या पुस्तिकेतली मापे जशीच्या तशी घेतली तर आपल्याकडे पहिला ब्रेड बहुधा मधोमध बसतो आणि आठवड्याभरात यंत्र माळ्यावर जाते. या पुस्तिका जास्त प्रथिने असलेल्या ब्रेडच्या पिठावर आणि वीस-बावीस अंशांच्या स्वयंपाकघरावर बेतलेल्या असतात. त्या पिठात शंभर ग्रॅममागे १२ ते १३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिने असतात. आपल्या मैद्याच्या पाकिटावर हा आकडा साधारण १० ते ११ असतो. प्रथिने कमी असली की ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला चिवटपणा देऊन हवा धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे, जाळे नाजूक राहते आणि पीठ पाणीही कमी धरते. मग पुस्तिकेतले पाणी आपल्या मैद्याला जास्त होते.

दुसरी गफलत कपाची. पुस्तिकेतला कप बहुतेक वेळा २४० मिलिलिटरचा असतो, आपल्या घरातला चहाचा कप कितीचाही असू शकतो. त्यातही मैदा हलक्या हाताने भरला तर कपात १२० ग्रॅम मावतो, दाबून भरला तर १५०. तीन कपांत नव्वद ग्रॅमचा फरक पडला तर कोणतेच यंत्र तो सावरू शकत नाही. म्हणून यंत्राआधी डिजिटल काटा घ्यावा.

पहिला ब्रेड साध्या मैद्याचाच करावा. मैदा ४०० ग्रॅम, पाणी २४० मिलि, तेल किंवा लोणी २० ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. दोन चमचे दुधाची पावडर घातली तर रंग चांगला येतो, नाही घातली तरी चालते. यंत्रावर ‘बेसिक’ कार्यक्रम आणि ७५० ग्रॅमचा आकार निवडा. मीठ चवीपुरते समजून कमी करू नका. मीठ यीस्टला लगाम घालते आणि ग्लुटेन घट्ट करते. ते विसरले तर ब्रेड झाकणाला टेकेपर्यंत फुगतो आणि भाजताना कोसळतो.

भांडे यंत्राबाहेर काढूनच भरावे. आत ठेवून भरले तर सांडलेला मैदा कॉइलवर जळतो आणि घरभर वास सुटतो. आधी पीठ मळणारे पाते भांड्याच्या तळातल्या दांड्यावर बसवा. हे सांगण्याचे कारण असे की ते विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि तीन तासांनी त्यांना भांड्यात भाजलेला कोरडा मैदा मिळतो. सर्वसाधारण क्रम म्हणजे खाली पाणी आणि तेल, त्यावर मैदा, एका कोपऱ्यात मीठ, दुसऱ्या कोपऱ्यात साखर आणि मैद्यात बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. पाणी खाली असले की तळाच्या कोपऱ्यांत कोरडे पीठ अडकत नाही आणि टायमर लावला तरी यीस्ट भिजत नाही. काही यंत्रांत यीस्टसाठी वेगळा कप्पा असतो, काहींत यीस्ट सर्वांत खाली घालायला सांगतात. क्रमाच्या बाबतीत पुस्तिकेचेच ऐका, मापांच्या बाबतीत नको.

आता खरे काम. मळणे सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळा पाहा. झाकण उघडल्याने यंत्र बिघडते हा गैरसमज आहे. मळण्याच्या टप्प्यात ते कितीही वेळा उघडावे, शेवटच्या फुगण्यापासून मात्र उघडू नये. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेच्या जवळ जाणारा हवा: गुळगुळीत, भांड्याच्या भिंती सोडून पात्याभोवती फिरणारा, बोट लावले तर किंचित चिकटून सुटणारा. दोन-तीन ढेकळे आपटत असतील, मोटर गुरगुरत असेल, तर पाणी कमी आहे. लहान चमच्याने एकेक चमचा पाणी घाला आणि दोन मिनिटे थांबा. तळाला भज्यांच्या पिठासारखा लगदा पसरला असेल तर मोठा चमचाभर मैदा घालून पुन्हा दोन मिनिटे वाट पाहा. घाईने अर्धी वाटी घातली तर गोळा दगड होतो. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरतो, तेव्हा सुरुवातच १० मिलि कमी पाण्याने करावी. ज्यांना कणीक हाताला कळते त्यांना हा अंदाज दोन ब्रेडमध्ये येतो.

गव्हाच्या पिठाचा ब्रेड करू पाहणाऱ्यांनी लगेच शंभर टक्के कणकेवर उडी मारू नये. चक्कीच्या दळणात पिठातला स्टार्च बराच दुखावतो, त्यामुळे ते पाणी खूप पिते, आणि कोंड्याचे कण ग्लुटेनचे धागे कापतात. २०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम कणीक घेतली तर पाणी २६० मिलि धरा. सगळी कणीक असेल तर २८० ते २९०, सोबत १५ ग्रॅम कोरडे ग्लुटेन आणि त्यासाठी आणखी २० मिलि पाणी, आणि कार्यक्रम ‘होल व्हीट’चा. तो लांब असतो, कारण कोंड्याला भिजायला वेळ लागतो. दळण पोळीचेच चालते, पण मैद्याच्या चाळणीने एकदा चाळून घ्यावे. खपली गव्हाचे सध्या फार कौतुक आहे. खपलीची खीर उत्तम होते, पण तिचे ग्लुटेन दुबळे असल्याने निव्वळ खपलीचा यंत्रातला ब्रेड विटेसारखा होतो. ज्वारी-नाचणीत तर ग्लुटेनच नाही, म्हणून ती एकूण पिठाच्या पंधरा टक्क्यांपुढे नेऊ नये.

यीस्टबद्दल दुकानदारही घोटाळा करतात. बारीक दाण्याचे इन्स्टंट यीस्ट थेट पिठात जाते. मोठ्या गोल दाण्यांचे अॅक्टिव्ह ड्राय यीस्ट आधी कोमट साखरपाण्यात दहा मिनिटे भिजवावे लागते, आणि ते पाणी एकूण पाण्यातून वजा करायचे. फेस आला नाही तर यीस्ट मेले आहे, पुढे जाऊ नका. उघडलेले पाकीट घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे. पाणी गरम असले तर ब्रेड लवकर फुगेल असे वाटते, पण साठ अंशांजवळ यीस्ट मरते.

विदर्भ-खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये उलट अडचण येते. मळताना घर्षणाने कणीक आधीच तापते, त्यात खोली चाळीस अंशांवर. मळून झालेला गोळा २५-२६ अंशांचा असावा. त्यासाठी पाणी फ्रीजमधले घ्या, मैदाही तासभर फ्रीजमध्ये ठेवा, यीस्ट ४ ऐवजी ३ ग्रॅम करा आणि मळत असताना झाकण उघडे ठेवा. रात्री टायमर लावून सकाळी गरम ब्रेड ही कल्पना या दिवसांत सोडून द्यावी. दूध किंवा अंडे घातले असेल तर कोणत्याच ऋतूत टायमर नको.

भारनियमनाचा उल्लेख लेखात नाही. काही यंत्रे वीज गेल्यावर पाच-दहा मिनिटे कार्यक्रम लक्षात ठेवतात, काही अजिबात ठेवत नाहीत. मळताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून लावा. फुगताना गेली तर गोळा तसाच राहू द्या, तो विजेवाचूनही फुगतो. भांड्याच्या तीन चतुर्थांश उंचीला आला की वीज आल्यावर फक्त ‘बेक’ लावायचे, ५० मिनिटे. वीज येतच नसेल तर गोळ्याच्या चकत्या लाटून तव्यावर भाजाव्यात. साध्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये, कॉइल ५०० ते ७०० वॉट ओढते.

बिघाड ओळखायचे ते ब्रेड कापून. माथा खचला आणि आत मोठी भोके असली तर पाणी किंवा यीस्ट जास्त, नाहीतर मीठ विसरले. बुटका आणि जड असला तर पाणी कमी किंवा यीस्ट शिळे. बाजू आत ओढल्या गेल्या, साल ओली झाली, तर ब्रेड शिजल्यावर ‘कीप वॉर्म’मध्ये पडून राहिला. शिट्टी वाजताच काढून जाळीवर ठेवायला हवा. आत चिकट लागला तर बहुधा गरम असतानाच सुरी चालवली. तासभर धीर धरावा. माथ्याचा रंग फिकट राहणे हा दोष नव्हे, बहुतेक यंत्रांच्या झाकणात कॉइल नसते. यंत्राकडून गोव्याच्या पोई पावाची अपेक्षाही धरू नये. ती पोदेराच्या, म्हणजे तिथल्या पाववाल्याच्या, तापलेल्या भट्टीचे काम. लादीपाव हवा असेल तर ‘डो’ कार्यक्रमावर पीठ मळून फुगवून घ्या, गोळे करून पुन्हा दुप्पट फुगू द्या आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजा.

या ब्रेडमध्ये टिकवणारे रसायन नसते. दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते. फ्रीजमध्ये तो लवकर शिळा होतो, म्हणून काप करून फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घालावेत.

अमेरिकेतल्या मुलांकडून यंत्र मागवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे असते. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावले तर ते जळेल, आणि व्होल्टेज उतरवणारा किमान १००० वॉटचा स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर घेण्यापेक्षा इथेच यंत्र घेणे शहाणपणाचे.

पाते ब्रेडच्या पोटात राहून जाते, अशी तक्रार सगळेच करतात. शेवटचे मळणे संपले की ओल्या हाताने गोळा उचलून पाते काढून घ्यावे आणि गोळा परत ठेवावा. त्याची वेळ पुस्तिकेतल्या तक्त्यात मिनिटांसह दिलेली असते. पाते दांड्यालाच अडकून बसले तर भांड्यात कोमट पाणी घालून वीस मिनिटे ठेवा. भांडे मात्र पाण्यात बुडवू नका, तळाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरते. पुढच्या वेळी पाते बसवण्याआधी दांड्याला तेलाचे बोट लावा.

आपला,
एक वाचक, पुणे