शोध टायपिंगच्या बरोबरीने चालावा

संपादक महोदय,

मजकूर संपादनाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये अजूनही शोधायचा शब्द पूर्ण टाइप करून एंटर दाबल्यावरच तो सापडला की नाही हे कळते. याउलट पहिले अक्षर उमटताच जुळणाऱ्या जागी नेणारी आणि पुढच्या प्रत्येक अक्षराबरोबर शोध नेमका करत जाणारी पद्धत ईमॅक्स या मजकूर-संपादन सॉफ्टवेअरमध्ये कित्येक दशकांपासून आहे. संगणक-रचनाकार जेफ रास्किन यांनी तर १९८७ साली आलेल्या कॅनन कॅट या लेखनासाठीच्या संगणकात कर्सर हलवण्याचे मुख्य साधन म्हणून हीच पद्धत स्वीकारली आणि त्यासाठी कळफलकावर ‘लीप’ नावाच्या दोन स्वतंत्र कळा दिल्या. माउस त्या यंत्राला नव्हताच.

या पद्धतीचा खरा लाभ केवळ वेगाचा नाही. किती अक्षरे पुरेशी आहेत हे मजकूरच दाखवून देतो, आणि टाइप करताना चूक झाली तर ज्या अक्षरापाशी जुळणी तुटली तेथेच ती लक्षात येते, त्यामुळे एक अक्षर खोडून पुढे जाता येते. शोध सोडून दिल्यास कर्सर मूळ जागी परततो, ही सोय तर लांबलचक दस्तऐवजात फारच मोलाची (आणि दुर्दैवाने सर्वत्र न आढळणारी) आहे.

फार मोठ्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षरागणिक होणारा शोध रेंगाळू शकतो, हे मान्य. व्हिम या दुसऱ्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये ही सुविधा चालू-बंद करता येते. मात्र नवशिक्यांसाठी ती सुरुवातीपासून चालू असणेच मला योग्य वाटते.

– एक वाचक