मुलींच्या सवयींना दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरी मुलींमधील रक्तक्षय, वाढते वजन, अनियमित पाळी, ‘पीसीओडी’ (अंडाशयाशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी लिहिले जाते आणि बहुतेक वेळा खापर मोबाइलवर व जंक फूडवर फुटते. लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे खासगी क्लासच्या परिसरात, गेली बारा वर्षे मुलींना खोल्या भाड्याने देणारी निवृत्त शिक्षिका म्हणून मला वाटते की, जिला आपण मुलींची जीवनशैली म्हणतो ती त्यांनी निवडलेली नसते. क्लास, मेस, पालक आणि माझ्यासारखे घरमालक मिळून ती ठरवतात.

निलंगा, अहमदपूर, मुखेडकडून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी आलेली मुलगी चहा-बिस्किटावर सकाळी घर सोडते. गावाकडची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी मेसच्या डब्यात नसते, आणि झोप येऊ नये म्हणून जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह अंगी लागायचे तेही कमी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. सरकारी व अनुदानित शाळांतून आठवड्याला एक निळी लोहगोळी देण्याची योजना आहे; कॉलेजला नावापुरत्या जाणाऱ्या माझ्याकडच्या मुलींना ती ठाऊकही नाही.

त्याहून मला अस्वस्थ करते ती पाण्याची बाटली. सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत येते, कारण क्लासचे स्वच्छतागृह अस्वच्छ असते आणि तास चालू असताना उठायची सोय नसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दिवसभर पाणी न पिता बसलेल्या मुलीला लघवीची जळजळ सुरू झाली की आई फोनवर सांगते, “उन्हाळी लागली असेल, सब्जा पी.” जंतुसंसर्गाची शंका येऊन दवाखाना गाठेपर्यंत आठवडा उलटलेला असतो.

व्यायामाबाबत दोष माझाही आहे. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि क्लास सुटल्यावर चालायला मिळणारा एकमेव तास मी सातला फाटक लावून काढून घेत होते. समोरच्या इमारतीतली मुले मात्र दहापर्यंत रस्त्यावर असतात. या जूनपासून मी फाटक साडेआठला लावते. तीन पालकांनी त्यावर नाराजी कळवली. आपल्या मुलीचे हिमोग्लोबिन किती आहे, हे मात्र त्यांपैकी एकालाही सांगता आले नाही.

महापालिकेने क्लासच्या इमारतींतील मुलींची स्वच्छतागृहे आधी न कळवता तपासावीत, आणि या परिसरातील एखादे मैदान संध्याकाळी दोन तास दिवे व महिला सुरक्षारक्षक यांच्यासह मुलींसाठी खुले ठेवावे, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, लातूर