स्कीइंगच्या सहलीत योगवर्ग संध्याकाळी हवा

संपादक महोदय,

स्कीइंगच्या सहलींच्या जाहिरातींत हल्ली योगवर्गाचाही उल्लेख दिसतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र पहाटेच्या थंडीत तासभर जोरकस आसने करून घ्यायची आणि लगेच मंडळींना उतारावर सोडायचे, हा क्रम उलटा आहे, असे मी स्वानुभवावरून सांगू इच्छिते.

बर्फावरून घसरत येताना शरीर जवळजवळ सारा वेळ अर्ध्या उत्कटासनात, म्हणजे अदृश्य खुर्चीवर टेकल्यासारखे गुडघे वाकवलेल्या स्थितीत असते. मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात आणि या कामाची सवय नसेल, तर त्यांचे दुखणे एक ते तीन दिवसांनी टोकाला पोहोचते. शिवाय ताठ बूट घोट्याला जखडून ठेवतात, त्यामुळे पडताना बसणारा पीळ घोट्याला चुकतो आणि गुडघ्याला भोवतो. माझेही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या वर्गात वीरभद्रासनात बराच वेळ उभे राहून मांड्या आधीच भरून आल्या होत्या. तरीही दुपारी उशिरा ‘एकच शेवटची फेरी’ म्हणून मी वर गेले. वळताना डावा पाय हळूच आत वळला. वेग इतका कमी होता की पडताना बुटापासून सुटायला हवी असलेली स्की (पायाखालची घसरपट्टी) सुटलीच नाही आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला गेला. उरलेली सहल मी खिडकीतून पाहिली.

सकाळी शरीर तापवण्यापुरत्या हालचाली पुरेत: जागच्या जागी चालणे, पाय पुढे-मागे झुलवणे, खुबे आणि खांदे फिरवणे, चार-सहा अर्ध्या बैठका. स्नायू दीर्घकाळ ताणून धरले, तर त्यांची ताकद काही वेळापुरती घटते. उतारावर जाण्याआधी ती घटवण्यात काय अर्थ आहे?

योगाची खरी गरज संध्याकाळी असते. पाठीवर झोपून, तळपायात टॉवेल अडकवून एक पाय सावकाश वर घ्यावा. गुडघा किंचित वाकला तरी चालेल. सुरुवातीला मांडी थरथरते, मग श्वास लांबत जातो तशी ती थरथर विरते आणि टॉवेल धरलेले हातही आपोआप सैल होतात. त्यानंतर पाय भिंतीला टेकवून पाच मिनिटे पडून राहावे आणि शेवटी अंगावर पांघरूण घेऊन शवासन करावे. २५०० मीटर उंचीवर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन-चतुर्थांश असतो, म्हणून पहिले दोन-तीन दिवस भस्त्रिका, कपालभाती हे जोरकस श्वसनप्रकार आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास बराच वेळ रोखून धरणे, टाळलेलेच बरे. डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली, तर आसनांचाही आग्रह धरू नये.

अर्थात या साऱ्याची पूर्वतयारी घरीच, सहा-आठ आठवडे आधी सुरू व्हायला हवी. उत्कटासन, सेतुबंधासन आणि वृक्षासन ही तीन आसने नियमाने केली तरी मांड्या, कंबर आणि तोल यांना आधार मिळतो. मला सर्वाधिक उपयोग झाला तो मात्र जिना सावकाश उतरण्याचा. दुसऱ्या सहलीआधी मी रोज प्रत्येक पायरीवर तीन आकडे मोजत उतरत असे, कारण उतरताना मांडीला जे काम पडते, तेच बर्फावर पडते.

सहलींच्या आयोजकांना माझी विनंती आहे की, त्यांनी योगवर्ग सौम्य ठेवावा आणि स्कीइंग न करणाऱ्या ज्येष्ठांना तो खुर्चीवर बसूनही करता येईल, अशी सोय करावी. तसेच उतारावर वर नेणारी लिफ्ट बंद होण्याच्या तासभर आधीच तो सुरू करावा, म्हणजे थकलेल्या माणसाला शेवटची फेरी सोडून खाली थांबायला निमित्त मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक