पाणी साठवायला तुम्ही लावलंत, दंड मी का भरू?

मा. पालकमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

मंगळवारी सकाळी महापालिकेचं आरोग्य पथक आमच्या गल्लीत आलं. माझ्या मोरीतलं दोनशे लिटरचं टिपाड त्यांनी दारात ओढलं, बॅटरी मारून आत पाहिलं आणि अळ्या आहेत म्हणून रस्त्यावर उपडं केलं. सगळं पाणी गटारात गेलं. माझ्या हातात दंडाची नोटीस ठेवून पथक शेजारच्या घरात शिरलं. आमच्याकडे पाणी आठव्या दिवशी येतं, आणि दोन पाण्यांमधला हा गॅप निम्मा अजून बाकी होता. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत, त्यांचे कपडे रोज धुवावे लागतात. पुढचं पाणी येईपर्यंत मी काय करायचं, हे त्या नोटिशीत कुठेही लिहिलेलं नाही.

आपण आमच्या भागातल्या जलकुंभाच्या लोकार्पणाला आला होतात. दिवाळीपर्यंत दिवसाआड पाणी देतो, असा शब्द आपण व्यासपीठावरून दिला होता. मी बायकांमध्ये पुढेच बसले होते आणि मनापासून टाळ्या वाजवल्या होत्या. ती दिवाळी गेली, त्यानंतरचा उन्हाळाही गेला. पाणी आजही आठव्या दिवशी येतं. जलकुंभाला रंग दिलेला आहे, त्यावर नावंही आहेत, पण मुख्य वाहिनीची जोडणी झालेली नाही, असं लाइनमनच सांगतो.

आपल्याला हिशेब कळावा म्हणून लिहिते. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळालं पाहिजे, हे केंद्र सरकारचंच मानक आहे. आमच्या घरात पाच माणसं. म्हणजे दिवसाला 675 लिटर आणि आठ दिवसांचे 5,400 लिटर. जवळजवळ साडेपाच टन पाणी! हे ठेवायचं कुठे? आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. पत्र्यावर टाकी बसत नाही. मागच्या बाजूला विटांचा ओटा बांधून त्यावर पाचशे लिटरची टाकी ठेवली. दोन टिपाडं, एक पिंप, घागरी, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, मुलीच्या आंघोळीची बादलीसुद्धा भरून ठेवायची. एवढं करून मानकाच्या पाव हिश्श्याइतकं पाणीही साठत नाही. मग आंघोळ एक दिवसाआड, भांडी राखेने घासून एका पाण्यात काढायची आणि कपड्यांचं पाणी संडासला.

ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे, त्यांनी वर दोन हजार लिटरची काळी टाकी बसवली. ज्यांच्याकडे जागा आहे, त्यांनी जमिनीत हौद बांधून घेतला, मोटार बसवली, बोअर घेतला. भाड्याने राहणाऱ्याला घरमालक टिपाड ठेवायलाही जिन्यात जागा देत नाही. आठ दिवसांचं पाणी ज्याला साठवता येतं, तोच या शहरात माणसासारखा राहू शकतो. धरणात पाणी असो वा नसो, नळाला गॅप तेवढाच. शहराचा साठा करण्याचं काम महापालिकेने आमच्या मोरीत, जिन्यात आणि माळ्यावर आणून टाकलं आहे. टाकीचे पैसे आमचे, मोटारीचं वीजबिल आमचं, जागा आमची. आता त्या साठ्याचा दंडही आमचाच.

पाणी येतं तेही रात्री अडीच-तीनला. वेळ सांगत नाहीत, म्हणून ज्या दिवशी पाण्याची पाळी असेल त्या रात्री घरातलं कुणीतरी जागंच राहतं, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असते. नळाची सूं सूं सुरू झाली की उठायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं, ते सोडून द्यावं लागतं. पुढचा अर्धा तास धार असते. चढावरच्या घरांपर्यंत ती पोचतच नाही, म्हणून प्रत्येकाने नळाला टुल्लू पंप लावला आहे. टुल्लू जप्त करू असं महापालिकेची रिक्षा भोंग्यावरून सांगत फिरते. करा जप्त. पण पंपाशिवाय शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचेल एवढा दाब आधी द्या. माझा उजवा खांदा आता कळशी उचलू देत नाही. डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका. मी त्यांना काय सांगू?

ते पहिलं गढूळ पाणी का येतं, हे पाणीपुरवठा विभागातल्या कुठल्याही अभियंत्याला विचारा. वाहिनी आठ दिवस रिकामी राहिली की तिच्या फटींतून बाहेरचं घाण पाणी आत झिरपतं. आमच्याकडे नळाची वाहिनी गटाराच्या कडेने, काही ठिकाणी गटारातूनच गेली आहे. त्यात सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की ते बाहेरची घाण आणखी जोराने ओढतात. शुद्धीकरण केंद्रात कितीही क्लोरीन घातलं तरी ते आमच्या टिपाडात किती दिवस टिकणार? मग तुरटी फिरवा, मेडिक्लोरचे थेंब टाका, पिण्यापुरतं उकळा, आणि तेही घशाखाली उतरेना झालं की वीस लिटरचा जार विकत घ्या. गॅस आमचा, जार आमचा.

आता डासांबद्दल. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग सांगतो की आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवा. सल्ला अगदी बरोबर आहे. ही अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं ओतून चालत नाही, घासावंच लागतं. पण साहेब, एक खातं म्हणतं दर सात दिवसांनी रिकामं करा आणि दुसरं खातं पाणी देतं आठव्या दिवशी. डासाला वाढायला लागतो तेवढाच वेळ महापालिका आम्हाला पाणी साठवून ठेवायला लावते. दोन्ही खाती एकाच इमारतीत बसतात. एकदाही एकमेकांशी बोलली नाहीत का?

माझ्या धाकट्या मुलीला गेल्या पावसाळ्यात डेंग्यू झाला. प्लेटलेट्स खाली गेल्या तेव्हा मी तिच्या उशाशी बसून हेच विचार करत होते, की हा डास माझ्याच घरच्या पिंपात वाढला असेल का. पोरीच्या आजारपणात आईला असा विचार करावा लागतो, हे तुमच्यापैकी कुणाच्या ध्यानात तरी येतं का? तेव्हापासून मी प्रत्येक भांड्यावर जुन्या साडीचं फडकं बांधते. मंगळवारी ज्या टिपाडात अळ्या निघाल्या, त्यालाही फडकं बांधलेलं होतं. दिवसातून दहा वेळा ते सोडून पाणी काढायचं, पुन्हा बांधायचं. डास कधी शिरला हे मला कळणार कसं?

आणि नळपट्टी? ती वर्षाची भरावी लागते. आठव्या दिवशी पाणी म्हणजे वर्षातून फार तर 45 वेळा नळ येतो, तोही तासभर नाही. तरी पट्टी 365 दिवसांची, आणि थकली की वर व्याज. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो त्याचे पैसे वेगळे. नळाला पाणी नसतं तेव्हा टँकरला कुठून येतं, हा प्रश्न मी अनेकांना विचारला. सगळे हसतात, उत्तर कुणी देत नाही.

निधी नाही हे कारण आम्ही ऐकत आलो आहोत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरात 1,680 कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं आणि पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. एवढा पैसा कागदावर आला, तरी तिथल्या बायका वर्षानुवर्षे गॅप मोजतच राहिल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. त्याआधी पाण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून तिथे जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांवर जमावबंदी! त्याच वेळी उसाचे मळे मात्र हिरवे होते. तेव्हा सगळ्या पक्षांचे पुढारी म्हणाले, पुन्हा अशी वेळ येऊ देणार नाही. आज आमच्याकडे रेल्वे येत नाही एवढंच, बाकी वेळ तीच आहे.

आणि कुणाला जमत नाही असंही नाही. कराडशेजारचं मलकापूर हे छोटं गाव, त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीच चोवीस तास पाणी दिलं. मीटर बसवले, जास्त वापरेल त्याला जास्त दर लावला. नळाला कायम पाणी आहे म्हटल्यावर कुणी घर भरून ठेवत नाही, आणि नवं पाणी आलं की जुनं ओतूनही देत नाही. आमच्याकडे पाणी आलं की सगळी गल्ली आदल्या आठवड्याचं उरलेलं पाणी रस्त्यावर ओतते, कारण त्यात अळ्या असतील ही भीती. गॅपमुळे पाणी वाचतं असं तुमचे अधिकारी सांगतात. त्यांनी एकदा पहाटे आमच्या गल्लीत येऊन उभं राहावं.

घटनेची 74 वी दुरुस्ती 1992 ची. शहराचा कारभार शहरातल्या लोकांनी निवडलेल्यांच्या हाती असावा म्हणून ती झाली. आणि याच राज्यात 2020 नंतर कितीतरी महापालिका वर्षानुवर्षे प्रशासकांनी चालवल्या. त्या काळात आमच्या दारात मत मागायला कुणी आलं नाही, त्यामुळे पाण्याचा जाब विचारायलाही कुणी नव्हतं. आयुक्त बदलले की मागच्याचं आश्वासन त्याच्याबरोबर जायचं. तुम्ही मात्र होतात, साहेब. जिल्हा नियोजन समितीची बैठक तुम्हीच घेता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मला फार काही नको. कुठल्या दिवशी आणि किती वाजता पाणी सोडणार, ते आदल्या दिवशी मोबाइलवर कळवा आणि ती वेळ पाळा. नळपट्टी जितक्या वेळा पाणी दिलं तितक्याचीच घ्या. अळ्या सापडल्या तर औषध टाका, जाळीची झाकणं द्या, पण पुढचं पाणी येईपर्यंत तेवढं पाणी टँकरने भरून दिल्याशिवाय कुणाचंही टिपाड उपडं करू नका. आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळाला क्लोरीन किती पोचतं, ते दर पाळीला मोजा आणि आकडा वॉर्ड कार्यालयाच्या फळ्यावर लावा. आणि त्या जलकुंभाची जोडणी कधी होणार, याची तारीख लेखी द्या. व्यासपीठावरून नको.

नोटिशीतला दंड मी भरणार नाही. ती नोटीस, सध्याच्या नळपट्टीची पावती आणि टिपाडातल्या पाण्याची भरलेली बाटली घेऊन मी तुमच्या पुढच्या जनता दरबाराला येणार आहे. गल्लीतल्या ज्या ज्या घरांना नोटिसा आल्या, त्या सगळ्या बायका बरोबर असतील. त्या दिवशी पाण्याची पाळी आली तर मात्र दुपारनंतर येऊ. आम्हाला भेटल्याशिवाय उठू नका.

आपली,
एक नळपट्टीधारक