ग्रेड 3, स्टेज 2

प्रिय सुध्या,

फोन उचलत नव्हतो म्हणून चिडला असशील. चीड, पण आधी हे वाच. ताईच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला, डाव्या स्तनाचा. आईचे गुडघे तसेच, मी बरा.

रिपोर्टात 'ग्रेड 3' दिसलं आणि भाऊजी मटकन खालीच बसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत 'तिसरी स्टेज' झालेली. मावशी फोनवर हुंदके देतेय आणि मी ओरडून सांगतोय, अगं, ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे! सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ती ग्रेड. 3 म्हणजे बिघाड जास्त, वाढही सहसा वेगाने. आजार कुठवर पोचलाय ती स्टेज. ताईची गाठ 2.8 सेंटीमीटर, 2 च्या वर आणि 5 पर्यंत असली की टी 2. काखेतल्या ग्रंथींत काही सापडलं नाही, म्हणून एन 0. पेट स्कॅनमध्ये दूर कुठे पसरलेलं दिसलं नाही, म्हणून एम 0. सगळं मिळून स्टेज 2ए.

मग 'हर 2 पॉझिटिव्ह' आलं आणि पुन्हा रडारड. हर 2 हे एक प्रथिन, ते कॅन्सरच्या पेशींवर जास्त असलं की त्या भराभर वाढतात, खरंय. पण नेमकं त्यालाच धरणारं औषध, ट्रास्टुझुमॅब, 1998 पासून वापरात आहे, ते ताईला मिळणार. पुढे ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात 'मार्जिन'पुढे मात्र 'निगेटिव्ह'च हवं, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. केमो आधी आणि ऑपरेशन नंतर ठरलंय, तर भाऊजींना वाटतं डॉक्टरांनी आशा सोडली. अरे, आधी दिली की गाठ आकसू शकते, शिवाय औषध लागू पडतंय का तेही कळतं.

हे सगळं घरात सगळ्यांना माहीत, फक्त ताईला नाही. 'साधी गाठ आहे, औषधाने जाईल' एवढंच तिला सांगितलंय. केस गळायला लागले की काय सांगणार आहेत?

नानांच्या वेळी तू हेच केलंस आणि आपण जिन्यात उभे राहून भांडलो. 'तुझ्या घरात झालं की कळेल' म्हणालास. झालं, आणि माझं मत अजून तेच आहे. 'पॅलिएटिव्ह' एवढंच कानावर पडलं आणि नाना बोलायचेच थांबले. पॅलिएटिव्ह म्हणजे दुखणं-धाप कमी करणारे उपचार, ते इतर उपचार चालू असतानाही देतात, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. तुला हे बोचेल, माहीत आहे. पण हे तुझ्याशिवाय कोणाशी बोलू?

भाऊजी माझं ऐकत नाहीत. तुमची दोघांची तर क्रिकेटवरून माझ्याविरुद्ध कायमची युती! म्हणून तूच बोल. नानांचं सांग त्यांना. डॉक्टरांसमोर बसून ताईला सगळं विचारू दे, एवढंच मागणं आहे. सोमवारी पहिली केमो आहे, त्याआधी हे व्हायला हवं.

नवी नोकरी कशी आहे? छोटीचा दहावीचा अभ्यास? वहिनींना नमस्कार.

भाऊजी रात्री नऊनंतर मोकळे असतात.

तुझा,
विन्या