रँकिनबाई १९१८ साली का हरल्या

प्रिय सुहास,

स. न. वि. वि.

अमेरिकी राजकारणी जेनेट रँकिन यांच्यावरच्या तुझ्या व्याख्यानाचं टिपण वाचलं. ‘युद्धाविरुद्ध मत दिल्यामुळे १९१८ साली त्या हरल्या’ हे वाक्य मात्र बदल. त्यात मतदारसंघाची गोष्ट सुटली आहे, आणि खरी मेख तिथेच आहे.

१९१६ साली माँटाना राज्याला अमेरिकी प्रतिनिधिगृहात दोन जागा होत्या. दोन्हींसाठी अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ. प्रत्येकाला दोन मतं, पहिले दोघे विजयी. त्यामुळे डेमोक्रॅट मतदार एक मत स्वतःच्या पक्षाला देऊन दुसरं रिपब्लिकन रँकिनबाईंना देऊ शकत होता. तिथल्या बायकांना १९१४ सालीच मताधिकार मिळाला होता आणि त्या लढ्यात बाईंनी राज्यभर माणसं जोडली होती. क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठ्या राज्यात तीच उपयोगी पडली. बाई दुसऱ्या आल्या आणि काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, पहिल्या महिला ठरल्या. (१९५२ साली बाबासाहेब उत्तर मुंबईत हरले, तोही द्विसदस्यीय मतदारसंघच. हे सांगितलंस तर श्रोत्यांना दोन मतांची पद्धत चटकन कळेल.)

६ एप्रिल १९१७च्या पहाटे प्रतिनिधिगृहात पहिल्या महायुद्धात उतरण्याचा ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा बाई गप्प राहिल्या, दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणाल्या. टीका खूप झाली, हे खरंच. पण विरोधात मत देणारे आणखी ४९ जण होते, हे विसरू नकोस. त्यातच माँटानाच्या विधिमंडळाने राज्याचे दोन स्वतंत्र मतदारसंघ पाडले. बाईंच्या वाट्याला डेमोक्रॅटांचं वर्चस्व असलेला पश्चिम भाग आला. दुसऱ्या मताची सोय संपली. म्हणून त्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीकडे वळल्या. तिथे पक्षाची उमेदवारी हुकली आणि छोट्या पक्षातर्फे लढून त्या हरल्या.

१० जानेवारी १९१८ला मात्र सविस्तर वेळ दे. महिला मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरची चर्चा बाईंनीच सुरू केली. मतदान २७४ विरुद्ध १३६. एकूण ४१०, म्हणजे दोन-तृतीयांशासाठी नेमकी २७४च हवी होती. एक जरी मत विरोधात फिरलं असतं तर ठराव पडला असता! आजारी सदस्य रुग्णालयातून उठून आले होते. पुढे सिनेटमध्ये तो अडला. १९१९ साली दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, तेव्हा बाई सभागृहात नव्हत्या.

१९४० साली त्या पश्चिम मतदारसंघातूनच निवडून आल्या आणि ८ डिसेंबर १९४१ला जपानविरुद्धच्या युद्धाला ‘नाही’ म्हणणाऱ्या एकट्याच उरल्या. ३८८ विरुद्ध १. तुझं ते वाक्य इथेही बसणार नाही, कारण १९४२ साली त्या निवडणुकीला उभ्याच राहिल्या नाहीत.

तुझा,
मिलिंद